दूध, गॅस आणि ८.४०

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी दरवर्षी एक उद्योग करतो. मोबाईलच्या नोट्समध्ये 'या वर्षात काय झालं' असं वर टाकून खाली लिहायला घेतो. दरवर्षी ते पाच-सहा ओळींत आटपतं, यंदा, म्हणजे २०२५ला, तीनच झाल्या. मुलीची दहावी झाली. आईचा डोळा झाला. गाडीचा हप्ता संपला. चौथी ओळ काय लिहावी म्हणून पंधरा मिनिटं बसून राहिलो, चहा गार झाला, साय आली त्यावर. प्रमोशन नाही, नवीन काही शिकलो नाही, कुठे फिरायला गेलो नाही (अलिबाग धरायचं का? एक दिवस?), वजन दीड किलोनं वाढलं आणि चालण्याचं अॅप मार्चनंतर उघडलेलंच नाही. ते बिचारं अजून अधूनमधून कळवतं की आज तुम्ही ४१२ पावलं चाललात. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं अख्खं वर्ष आणि त्यात सांगण्यासारख्या तीन ओळी, त्यातल्या दोन दुसऱ्यांच्या.

बायको म्हणाली, ते लिहीत बसण्यापेक्षा नवीन कालनिर्णय लाव, दिवाळीपासून गुंडाळी तशीच पडलीये कपाटावर.

आमच्याकडे कालनिर्णयच लागतं. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं आणि आईचं लग्नही त्याच वर्षीचं, त्यामुळे दोघांचा संसार बरोबरीचा आहे असं ती म्हणते. ऑफिसातून फुकट मिळतात ती डोंगर-दऱ्यांच्या फोटोंची गुळगुळीत कॅलेंडरं तिला चालत नाहीत, त्यात लिहायला जागा नसते आणि तिथी नसते, मग भिंत कशाला अडवायची. कालनिर्णय फ्रिजच्या आणि ओट्याच्या मधल्या खिळ्याला लटकतं, शेजारी सुतळीला बांधलेलं एक बॉलपेन. ही पद्धत कराडच्या घरातली. २०१९ मध्ये आई आमच्याकडे डोंबिवलीला आली तेव्हा बरोबर दोन बॅगा, देव आणि ती सुतळी घेऊन आली. सुतळी म्हणजे पद्धत म्हणतोय मी, पण खरं तर सुतळीसुद्धा तीच असावी, एवढी काळी पडलीये.

तर जुनं खाली काढलं, टाकायच्या आधी सहज पानं चाळायला लागलो, आणि मग तिथेच ओट्याला टेकून पाऊण तास गेला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की बारा महिन्यांत त्याच्यावर माझं एकही अक्षर नाही. बायकोचं आहे. बाई आल्या नाहीत की ती त्या तारखेवर फुली मारते, भिशी, मुलीची फी, पेस्ट कंट्रोल. मुलीचं आहे, लाल पेनानं, २१ फेब्रुवारीपासून १७ मार्चपर्यंत दहावीचे पेपर, प्रत्येक पेपर झाला की त्यावर एक चेहरा. मराठीला हसरा, बीजगणिताला तोंड नसलेला नुसता गोल. बाकी सगळं आईचं. दूध जास्त घेतलं तर अधिकची खूण, नाही घेतलं तर शून्य. 'गॅस आला' आणि 'गॅस लावला' या दोन वेगळ्या नोंदी, कारण आलेला आणि लावलेला यात फरक असतो आणि सिलेंडर किती दिवस पुरला हे लावल्यापासून मोजायचं असतं. हे तिनं बायकोला पहिल्याच वर्षी नीट समजावून सांगितलं होतं.

१३ मेला 'निकाल १ वा.' आणि खाली जरा वेळानं लिहिलेलं ८७.४०. हा दिवस मला चांगला आठवतो. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला होता, म्हणजे पास होण्याची काळजी नव्हतीच, पण आईनं देवापुढे साखर आधीच ठेवलेली. मग अकरावीचं ऑनलाइन अॅडमिशन, यंदा पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात, त्याच्याबद्दल काही बोलत नाही, आमच्या घरात अजून तो विषय काढला की कोणीतरी उठून आत जातं.

२६ मेच्या चौकोनात नुसतं 'पाऊस' आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून, यंदा २६ मेलाच आला. १९५० पासूनच्या नोंदीत एवढा लवकर कधी आला नव्हता म्हणे. पण ती उद्गारचिन्हं त्या रेकॉर्डची नाहीत. आदल्या दिवशी गच्चीवर घातलेल्या कुरडया होत्या, त्या गेल्या. आई दोन दिवस पावसाशी बोलत नव्हती.

मग जून. ९ जून, सोमवार. त्या चौकोनात काहीच नाही, दुधाची खूणसुद्धा नाही. आणि १० तारखेला, वटपौर्णिमेच्या दिवशी, 'फणस, आंबे ५' याच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक आकडा, ८.४०. दुसऱ्या दिवशी ९.०५. मग ८.२५. मग ८.४०.

मला वाटलं दुधाचा हिशेब असेल. पण दूध आठ रुपये चाळीस पैशाला मिळायचा काळ जाऊन किती वर्षं झाली. मग वाटलं तिची शुगर किंवा बीपी, पण ते तिच्या वेगळ्या वहीत असतं आणि बीपी ८.४० असं नसतं. गोळी घेतल्याची वेळ? ती रोज साडेनऊलाच घेते, मालिका संपली की. पुढे जुलै पाहिला, ऑगस्ट पाहिला, रोज आकडा. शनिवार-रविवारी नाही. शुक्रवारी नाही. गणपतीत २७ ऑगस्टपासून दोन दिवस नाही, आणि २९ला शुक्रवार. शुक्रवारी नाही हे बघितल्यावर जरा थांबलो, कारण शुक्रवारी मी घरून काम करतो.

१८ ऑगस्टला ११.१०, खाली दोन रेघा.

१८ ऑगस्टला मुंबईत धो धो पाऊस होता, गाड्या रखडत चाललेल्या, आणि मी घाटकोपरहून डोंबिवलीला पोचायला साडेतीन तास घेतले होते, चप्पल हातात घेऊन जिना चढलो होतो. दार आईनंच उघडलं होतं. काही बोलली नाही, टॉवेल दिला फक्त. मी वैतागलेलो होतो, तिच्याकडे नीट बघितलंही नसेल.

तर ती माझी घरी यायची वेळ होती. जूनपासून रोज.

९ जूनबद्दल डोंबिवलीत कोणाला सांगावं लागत नाही. सकाळी सव्वानऊच्या सुमारास दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्या दिवशी चार जण गेले. मी आधीच्या गाडीनं गेलो होतो, ऑफिसात पोचून फोन सायलेंटवर टाकलेला, मीटिंग होती. बाहेर आलो तर सतरा मिस्ड कॉल. बायकोला फोन लावला तर ती म्हणाली आईंशी बोला आधी. आईनं विचारलं, तू दारात उभा राहतोस का रे. मी म्हटलं, छे, मी कशाला दारात उभा राहीन, मी आत असतो, पार आत.

सकाळी सव्वाआठला डोंबिवलीहून फास्ट पकडणाऱ्या माणसानं हे वाक्य बोलणं म्हणजे काय ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. पार आत जायला आधी आत शिरावं लागतं. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हाही लटकायचोच, बोगद्यात फक्त थंड वारा लागायचा एवढाच फरक. नंतर बंद होणाऱ्या दारांच्या घोषणा झाल्या, आम्ही ग्रुपमध्ये त्यावर जोक टाकले, आठवड्याभरानं पुन्हा तेच दार, तोच दांडा, बॅग पुढे घ्यायची एवढी सुधारणा. माझ्यापुरता तो विषय संपला होता. तीन ओळींच्या यादीत तो मला आठवलासुद्धा नव्हता.

आता हे आकडे मला इतक्या लवकर का उमगले त्याचंही कारण आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा वस्तीची गाडी असायची, म्हणजे संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन कुठल्यातरी गावात जायचं, तिथेच शाळेच्या किंवा देवळाच्या ओसरीवर झोपायचं आणि पहाटे तीच गाडी परत आणायची. पावसाळ्यात पाटणच्या बाजूची वस्ती असली की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. फोन नव्हता, कळायला काही मार्गच नव्हता. तेव्हाच्या कॅलेंडरवर त्या तारखांना आई 'व' लिहायची आणि दुसऱ्या दिवशी बाबा आले की त्या 'व' भोवती गोल करायची. मला लहानपणी वाटायचं 'व' म्हणजे वार असेल, कुठलातरी उपास. गोल केलेला 'व' म्हणजे पूर्ण झालेला उपास. एकदा बाईंनी वर्गात विचारलं होतं की आई कुठले उपास करते, तर मी संकष्टी, एकादशी आणि 'व' असं सांगितलं होतं. यावर आमच्याकडे पुढे कित्येक वर्षं हसले सगळे.

हे सगळं ओट्याला टेकून आठवत होतो, आणि आकड्यांवरून बोट फिरवत पुढची पानं बघत होतो, तेव्हा अजून एक गोष्ट दिसली. ती दिसायला खरं तर इतका वेळ लागायला नको होता, कारण ती अक्षरशः मोठी होत होती. जूनमधला ८.४० कोपऱ्यात नखाएवढा आहे. जुलैत तो जरा पसरलाय. सप्टेंबरमध्ये तो तिथीवर चढलाय, चतुर्थी की पंचमी वाचता येत नाही. ऑक्टोबरमध्ये ९.१० मधला शून्य रेघ ओलांडून शेजारच्या दिवसात गेलाय. आणि दसऱ्याचं 'झेंडू २ किलो' चुकीच्याच चौकोनात, २ ऑक्टोबरऐवजी ३ला.

तिला दिसत नव्हतं. चार-पाच महिने कमी कमी दिसत चाललं होतं, भिंतीवर रोज मोठं मोठं होत ते लिहिलेलं होतं, आणि मी रोज त्याच्या शेजारच्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत होतो.

आता मागे वळून जोडायला गेलं तर सगळंच जोडता येतं. आमटीत दोनदा मीठ पडलं तेव्हा आम्ही हसलो होतो. सुईत दोरा ओवायला ती नातीला हाक मारायची ते तर आम्हाला गोडच वाटायचं. २ नोव्हेंबरला वर्ल्ड कपची फायनल, आपल्या मुली, तीही इथं नेरूळला, पावसामुळे उशिरा सुरू झालेली मॅच मध्यरात्रीपर्यंत चालली, आणि आई टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसली होती. आम्ही मागे सरक, मागे सरक म्हणून ओरडत होतो. २९८ झाले होते आपले, आणि ती दर दोन ओव्हरला विचारायची त्यांचे किती झाले. स्क्रीनवर एवढं मोठं लिहिलेलं असताना. मुलगी वैतागून म्हणाली सुद्धा, आज्जी वाच ना. शेवटी ५२ रननी जिंकलो, खाली फटाके वाजले, आई उठली आणि आत जाऊन कॅलेंडरवर लिहून आली. 'मुली जिंकल्या'. दोन, तीन आणि चार तारीख व्यापून.

मोतीबिंदू मग त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितला, तोही ती चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेली तेव्हा. पूर्वी म्हणायचे पिकू दे मग काढू, आता तसं थांबत नाहीत, उलट फार पिकला तर काढायला त्रास होतो. डॉक्टरांनी विचारलं इतके दिवस काय करत होतात, तर आई म्हणाली, दिवाळी व्हायची होती. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हतं, मी बिलाबद्दल काहीतरी विचारलं. १४ नोव्हेंबरला ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत बाहेर. घडीची लेन्स असते, बारीक चिरेतून आत सरकवतात आणि ती आत जाऊन उलगडते, टाकाही नाही. हे डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. आई म्हणाली, नऊवारीचीच घडी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर घरी आली आणि पहिलं वाक्य, ट्यूब बदललीस का रे, निळी दिसतीय. ट्यूब तीच होती. पिवळट काचेतून बघायची सवय झालेली असते, ती काच गेल्यावर पांढरं निळसर दिसतं काही दिवस. दुसरं वाक्य, ओट्याच्या मागच्या टाइल्स एवढ्या मेणचट कधी झाल्या. बायकोनं ते ऐकलं नाही असं केलं. तिसरं माझ्याकडे बघून, तुझे एवढे पिकलेत व्हय.

ऑपरेशननंतरचा आठवडा कॅलेंडरवर वेगळाच आहे. ड्रॉप्सचं गणित बायकोच्या अक्षरात, पहिला आठवडा सहा वेळा, मग पाच, मग चार, असं उतरत उतरत २६ डिसेंबरला संपलेलं. आणि १७ ते २० नोव्हेंबर, उजव्या कोपऱ्यात, ८.३५, ९.००, ८.४५, ८.४०. जांभळ्या जेल पेननं. गोल गोल अक्षर.

मी मुलीला हाक मारली. हे काय आहे? तिनं बघितलं, इअरफोन एका कानातून काढला. आज्जीनं सांगितलेलं लिहायला, तिला वाकायचं नव्हतं ना तेव्हा. कसले आकडे माहिती होतं तुला? हो. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, तू विचारलंस कधी, आणि इअरफोन परत आत. जाता जाता म्हणाली, आईला पण माहितीये.

बायको भांडी लावत होती, ती वळली नाही.

म्हणजे घरातल्या चार माणसांपैकी तिघींना माहिती होतं. मी शिव्या घालत, पाय चेंगरून घेत, रोज एक माणूस घरी आणून सोडत होतो आणि त्याची पावती भिंतीवर फाटत होती. आणि मी नोट्समध्ये चौथी ओळ शोधत होतो.

आईला विचारावं का, याचा विचार दुपारभर केला. शेवटी ती शेंगा फोडत बसली होती तेव्हा समोर बसलो, दोन-चार फोडल्या, आणि म्हटलं, आई, कॅलेंडरवर ते कोपऱ्यात काय लिहितेस.

"दुधाचं असंल."

"दूध सकाळी येतं."

"मग औषधाचं." शेंग फोडायची थांबली नाही ती. "दाणे खाऊ नकोस, चटणीला पाहिजेत."

एवढ्यावर आमचं ते बोलणं संपलं. कराडच्या माणसाला याच्यापेक्षा जास्त विचारायचं नसतं, आणि विचारलं तर ते उठून देवापुढची वात नीट करायला जातात.

संध्याकाळी नवीन लावलं. खिळा जरा खाली घे म्हणाली, घेतला. पेन बदललं. मग तिनं चष्मा न लावता (हे तिनं मुद्दाम केलं, आम्हाला दिसावं म्हणून) २०२६ पूर्ण चाळलं. सहा जानेवारीलाच अंगारकी आली म्हणून खूश. चौदाला संक्रांत आणि त्याच दिवशी एकादशी, मग गुळपोळी कधी करायची यावर बायकोबरोबर बराच वेळ चर्चा, निकाल लागला नाही. आणि मेच्या पानावर पोचली तेव्हा एकदम, अगं बाई, अधिक! नवीन वर्षात ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून. म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला तेहतीस अनारसे आणि दिवा. अनारशांचं पीठ कधी भिजत घालायचं ते तिनं तिथल्या तिथं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लिहूनही टाकलं. अक्षर नखाएवढं. मी लांबून बघत होतो, वाचता येईना. माझाच नंबर वाढला असणार.

जुनं टाकू का विचारलं तर राहू दे म्हणाली, गॅसवाल्याचा नंबर आहे त्यात. तो नंबर तिघांच्याही मोबाईलमध्ये आहे. मी स्टूल घेऊन माळ्यावर ठेवून आलो. तिथे आधीची सहा होती, रबर लावून.

सोमवारी ऑफिसला गेलो. येताना डोंबिवलीला उतरून पुलावर घड्याळ बघितलं, मग बिल्डिंगखाली बघितलं, मग दाराशी. ८.४७. बेल वाजवली, चपला काढल्या, आईनं माझ्याकडे न बघता आधी किचनमधल्या भिंतीकडे बघितलं आणि आत गेली. हात-पाय धू, पानं घेतलीयेत, असं आतूनच.

रात्री पाण्याच्या बाटलीच्या निमित्तानं फ्रिजपाशी गेलो. वर्ष अजून संपायचं होतं, नवीनात डिसेंबरचं पान पुढच्या वर्षीचं, तर तिनं नवीनच्या पहिल्या पानावर वरच्या कोऱ्या जागेत २९ असं लिहून शेजारी ८.५२ लिहिलं होतं. किचनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, बायकोनं मुलीच्या शाळेसाठी केव्हातरी केलेलं. म्हणजे जूनपासूनचे सगळे आकडे पाच मिनिटांनी चुकलेत. १८ ऑगस्टला मी खरा ११.०५ला आलो होतो. पण आता हे तिला सांगणार कोण, आणि कसं.